पेशी स्वतःलाच खाते, मग स्नायू घडतो कसा?

सायली_उदगीर

नमस्कार मंडळी. मी मूळ उदगीरची, सध्या छत्रपती संभाजीनगरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. पुढच्या महिन्यात सेमिनार आहे. विषय मीच मागून घेतलाय: कंकाल स्नायूंच्या, म्हणजे हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या, पेशी घडताना ऑटोफॅजीचं काम काय?

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पेशी आपल्याच आतले जुने, बिघडलेले भाग दुपदरी पडद्याच्या पिशवीत गुंडाळते. ही पिशवी लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या कप्प्याला, जाऊन मिळते, आतला माल विरघळतो आणि त्यातली अमिनो आम्लं पुन्हा वापरात येतात. ख्रिश्चन द ड्यूव्ह यांनी १९६३ मध्ये या प्रक्रियेला ऑटोफॅजी हे नाव दिलं. योशिनोरी ओसुमी यांनी नव्वदच्या दशकात यीस्टमध्ये तिची जनुकं शोधली आणि त्याबद्दल त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

आता माझी अडचण. एकीकडे वाचते की उपासमारीत फॉक्सओ३ हे प्रथिन ऑटोफॅजीची जनुकं चालू करतं आणि स्नायू झिजतो (२००७ चे शोधनिबंध). म्हणजे ऑटोफॅजी स्नायूच्या मुळावर उठलेली. दुसरीकडे वाचते की उंदराच्या सी२सी१२ पेशींमध्ये (प्रयोगशाळेत वाढवतात त्या, स्नायू होऊ शकणाऱ्या पेशी) ऑटोफॅजी अडवली तर स्नायूनलिका नीट तयारच होत नाहीत. मग ती घडवणारी की मोडणारी? सेमिनारमध्ये हा प्रश्न नक्की येणार, आणि "दोन्ही" एवढंच उत्तर देऊन खाली बसायची माझी इच्छा नाही.

परभणीचा_मास्तर

उत्तम विषय. बसलोय वाचायला. आमच्या अकरावीच्या पोरांना याच्यातलं दोन ओळींच्या पुढं काही मिळत नाही.

गोदाकाठचा

सायलीताई, मी नांदेडचा. गेली बरीच वर्षं हैदराबादला स्नायूपेशींवरच काम करतो, त्यामुळे जरा लांबड लावतो.

आधी पेशी कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाते ते बघा. मायोब्लास्ट ही एका केंद्रकाची, भराभर विभाजन होणारी पेशी. तिची ऊर्जेची गरज बरीचशी ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखर तोडून, भागते. मायोडी आणि मग मायोजेनिन या स्नायू घडवणाऱ्या प्रथिनांचा अंमल सुरू झाला की ती विभाजन थांबवते, शेजारणींना समांतर लागते आणि त्यांच्याशी एकजीव होते. तयार होते ती अनेक केंद्रकांची लांब नलिका. या नलिकेला आता आयुष्यभर आकुंचन पावायचंय. तिला मायटोकॉन्ड्रियातून मिळणारी भरपूर ऊर्जा लागणार.

यातली खरी मेख अशी की मायोब्लास्टमधल्या जुन्या मायटोकॉन्ड्रियांत नुसती भर घालून हे भागत नाही. २०१६ मध्ये सी२सी१२ पेशींवर एक सुंदर काम झालं. त्यात पायऱ्या स्पष्ट दिसल्या. स्नायूकडे वळायला लागल्यावर सुरुवातीलाच ऑटोफॅजी जोरात वाढते. डीआरपी१ हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या जाळ्याचे तुकडे करतं. पी६२ या माल पिशवीपर्यंत नेणाऱ्या प्रथिनाच्या मदतीने ते तुकडे पिशव्यांत भरले जातात आणि पेशीतले मायटोकॉन्ड्रिया चक्क कमी होतात. त्यानंतर पीजीसी-१ अल्फा हे प्रथिन नव्यांची निर्मिती सुरू करतं, मायटोकॉन्ड्रिया एकमेकांना जोडणारं ओपीए१ वाढतं आणि नवं जाळं विणलं जातं. हे नवे मायटोकॉन्ड्रिया ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करण्यात जुन्यांपेक्षा सरस निघाले. ऑटोफॅजी रोखणारी वेगवेगळी रसायनं देऊन बघितली तर स्नायू होण्याची प्रक्रियाच अडखळली.

आपल्याकडे वाड्याचं माळवद खाली उतरवल्याशिवाय वर स्लॅब टाकता येत नाही, तसं आहे हे. आणि उतरवलेलं चांगलं लाकूड कुणी फेकून देत नाही, ते दारं-खिडक्यांना लागतंच. पेशीही अमिनो आम्लं वाया घालवत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: वेळ आणि प्रमाण बघा. घडणीच्या सुरुवातीला थोडा काळ, नेमक्या वस्तूंवर चालणारी ऑटोफॅजी घडवते. तयार स्नायूत ती दिवसचे दिवस बेसुमार चालली तर झिजवते.

शंकेखोर_जालना

गोदाकाठचे दादा, लिहिलंय सुरेख, पण मला एक पटत नाही.

सी२सी१२ पेशींना स्नायू व्हायला लावतात कसं? गाईच्या वासराच्या गर्भाचं १० टक्के किंवा त्याहून जास्त सिरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) काढून घोड्याचं २ टक्के सिरम देतात. म्हणजे वाढीचे घटक एकदम तोडतात. पेशीला उपाशी ठेवलं तर ऑटोफॅजी वाढणारच, ती स्नायू होवो न होवो! मग ही वाढ घडणीचा भाग आहे की निव्वळ भुकेचा परिणाम, हे ठरवायचं कसं?

गोदाकाठचा

शंका अगदी रास्त आहे आणि सायलीताईंना ती कुणीतरी विचारणारच. दोन गोष्टी.

पहिली, वाढ दिसली एवढ्यावर थांबायचं नसतं, ती अडवून काय होतं ते बघायचं असतं. त्याच २ टक्के सिरममध्ये एटीजी७ हे ऑटोफॅजीला लागणारं जनुक दाबलेल्या पेशी आणि न दाबलेल्या पेशी शेजारी शेजारी ठेवल्या. भूक दोघींना सारखी. तरी दाबलेल्यांत मायोजेनिन कमी, नलिका कमी आणि आत्मनाश, म्हणजे अपोप्टोसिस, जास्त. हे काम २०१४ चं.

दुसरी, हा प्रश्न जिवंत प्राण्यात नेऊन तपासता येतो. ॲलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत, तंतूला चिकटून असलेल्या सॅटेलाइट पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. स्नायूला इजा झाली की याच झोपलेल्या पेशी जाग्या होतात. जागं होताना त्यांना एकदम भरपूर ऊर्जा लागते आणि त्या वेळी ऑटोफॅजी वाढते, ती रोखली तर जाग यायला उशीर होतो, हे २०१४ मध्येच उंदरांत दाखवलं गेलंय. तिथे कुणी सिरम काढून घेतलेलं नव्हतं.

तालमीतला_गणेश

रामराम. मी लातूर जिल्ह्यातला, कुस्ती खेळतो. सायन्स आपल्याला फार कळत नाही पण एक विचारायचंय. आमच्या तालमीत लई पोरं मोबाइलवर बघून सोळा-सोळा तास उपाशी राहू लालेत. म्हणतेत ऑटोफॅजी होती, खराब पेशी जातेत अन् मसल नवा येतो. माळेगावच्या जत्रेआधी तर दोघं जण पाणीसुद्धा पीत नव्हते वजन पाडायला. वस्ताद ओरडले तर त्यांनाच नोबेलचं सांगायले. हे खरंय का?

गोदाकाठचा

गणेशभाऊ, वस्तादांचंच ऐका.

ओसुमींचं काम यीस्टवर होतं आणि ते यंत्रणा कशी चालते याबद्दल होतं. उपाशी राहून दंड भरतील असं त्यात कुठेच नाही. उंदराला २४ तास उपाशी ठेवलं की स्नायूत ऑटोफॅजी वाढते हे २००४ मध्ये दिसलं, खरं आहे. पण उंदराची चयापचयाची गती आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्याचे २४ तास आणि तुमच्या तालमीतल्या पोराचे २४ तास सारखे धरता येत नाहीत. पाणी तोडणं तर सरळ धोक्याचं: मूत्रपिंड, हृदय, सगळ्यावर ताण.

स्नायू वाढायला प्रथिनं लागतात. ल्यूसिनसारखी अमिनो आम्लं एमटॉर हा पेशीतला वाढीचा खटका चालू करतात आणि तो चालू असला की नवी प्रथिनं बांधली जातात, ऑटोफॅजी दबते. भूक लागली, ऊर्जा घटली की एएमपीके हा दुसरा खटका उलट बाजूने ऑटोफॅजी चालू करतो. शरीराला ही दोन्ही आलटून-पालटून हवीत.

आणि एक चांगली बातमी. ऑटोफॅजी चालू करायला उपासच लागतो असं नाही. २०१२ मध्ये बेथ लेव्हिन यांच्या गटाने दाखवलं की उंदीर पळवले तरी स्नायूत ती वाढते. ज्या उंदरांत व्यायामाने वाढणारी ऑटोफॅजी अडवली होती त्यांचा दम कमी पडला आणि व्यायामाने साखर आटोक्यात येण्याचा फायदाही त्यांना मिळाला नाही. म्हणजे जोर-बैठका मारून तुमची पोरं ते काम करतच आहेत. त्यावर खुराक हवा.

तालमीतला_गणेश

लई आभार दादा. हे प्रिंट काढून तालमीत लावतो. दूध-बदामाची बाजू घेणारं सायन्स सापडलं म्हणल्यावर वस्ताद जाम खूश होतील.

तुळजाई

मी दरवर्षी नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरते, आईचं म्हणून. त्यातून शरीराला काय मिळतं याचा हिशेब कधी केला नाही आणि करायचाही नाही. पण घरातली मुलं हल्ली "आई, तुझी ऑटोफॅजी झाली का?" असं विचारतात. सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि रात्री भगर खाल्ल्यावर होते का हो?

परभणीचा_मास्तर

ताई, पिष्टमय खाणं झालं की इन्सुलिन वाढतं आणि इन्सुलिन ऑटोफॅजीला आवर घालतं. त्यामुळे खिचडीच्या दिवशी मुलांना "नाही" असं खुशाल सांगा. तुमचा उपवास श्रद्धेचा आहे, त्याला या दाखल्याची गरज नाही. आमच्या शाळेत रोजे धरणारी मुलंही हाच प्रश्न विचारतात. त्यांनाही मी हेच सांगतो.

पशुवैद्य_देवणी

जरा जनावरांकडे येऊ या, कारण या विषयाचं आपल्याकडे मोल फार आहे.

मी उदगीर-देवणी पट्ट्यात पशुवैद्यक म्हणून काम करतो. आपली उस्मानाबादी शेळी जुळी करडं देण्यासाठी नावाजलेली. आता गंमत बघा, कुठल्याही सस्तन प्राण्यात स्नायूतंतूंची संख्या बहुतांश जन्माआधीच ठरते. जन्मानंतर तंतू जाड होतात, लांब होतात, पण संख्येत फारशी भर पडत नाही. गाभण मेंढ्यांना कमी खायला दिलं तर कोकरांत तंतू कमी भरतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे दुष्काळात शेळीच्या पोटात दोन करडं असतील आणि दावणीला चारा नसेल, तर त्या करडांचं नुकसान नंतर कितीही पेंड घातली तरी पूर्ण भरून निघत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या वर्षी गाभण जनावरांना चारा नव्हता याची बातमी मात्र कुणी केली नाही. त्याच वर्षी ऑटोफॅजीला नोबेल मिळालं. माझ्या डोक्यात तेव्हापासून हा प्रश्न आहे: आई उपाशी असताना गर्भातल्या मायोब्लास्टमध्ये ऑटोफॅजी किती चालते, आणि ती पेशीला तगवते की तंतूंची संख्या घटवते? सायलीताई, पुढे पीएच.डी. करणार असाल तर देशी शेळीवर हे काम करा. मी नमुने मिळवून द्यायला मदत करीन.

रस्सा_मंडळ

डॉक्टरसाहेब, मटण थोडं ठेवल्यावर मऊ होतं ते ऑटोफॅजीमुळंच का?

पशुवैद्य_देवणी

नाही. त्यात मुख्य हात कॅल्पेन नावाच्या विकरांचा. जनावर गेल्यावर पेशीत कॅल्शियम मोकळं होतं, त्याने कॅल्पेन जागं होतं आणि तंतूंची बांधणी तोडतं. पिशव्या बांधून माल लायसोसोमपर्यंत न्यायचा तर पेशीला ऊर्जा लागते, आणि ती तर संपलेली असते.

शंकेखोर_जालना

मटणावरून मूळ प्रश्नावर परत आणतो, कारण माझी मोठी शंका अजून बाकी आहे.

एटीजी५ हे ऑटोफॅजीला लागणारं जनुक पूर्णपणे काढलेले उंदीर २००४ मध्येच अभ्यासले गेले. ती पिल्लं जन्माला येतात! अंगाने बरीचशी नीट, हातापायांत स्नायू असलेली. मरतात ती जन्मानंतर साधारण दिवसभरात. आता सांगा, ऑटोफॅजीशिवाय स्नायू घडतच नसता तर ही पिल्लं स्नायूंसकट जन्माला आली कशी? मग "घडणीला ऑटोफॅजी अत्यावश्यक" हे विधान पेशींच्या प्लेटपुरतंच खरं मानायचं का?

सायली_उदगीर

बापरे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गोदाकाठचे दादा, यावर काय म्हणाल?

गोदाकाठचा

या धाग्यातला सगळ्यात वजनदार प्रतिसाद हा आहे. सायलीताई, तुमचं अर्धं सेमिनार यावर उभं करा.

ती पिल्लं मरतात का, ते आधी बघू. जन्मताच वारेतून येणारा पुरवठा तुटतो आणि आईचं दूध सुरू व्हायला वेळ लागतो. या मधल्या तासांत निरोगी पिल्लाच्या हृदयात, श्वासपटलात आणि इतर काही ऊतींत ऑटोफॅजी एकदम उसळते आणि एक-दोन दिवसांत पूर्ववत होते. एटीजी५ नसलेल्या पिल्लांना हा टेकू नसतो, त्यांच्या रक्तात अमिनो आम्लं घटतात. त्यांना मुद्दाम दूध पाजलं तर ती थोडी जास्त जगतात. गर्भात असताना मात्र वार अखंड पुरवठा करत असते, त्यामुळे उणीव झाकली जाते.

शिवाय "पूर्णपणे काढलेलं" म्हणतानाही एक पोटप्रश्न आहे. या पिल्लांच्या आईच्या अंड्यात एटीजी५ होतंच. अंड्यातूनही ते काढून टाकलं आणि शुक्रपेशीकडूनही आलं नाही, तर गर्भ चार ते आठ पेशींच्या अवस्थेतच थांबतो. हे २००८ चं काम.

आता स्नायूपुरतं. २००९ मध्ये पादोव्हाच्या मार्को सँड्री यांच्या गटाने फक्त कंकाल स्नायूतून एटीजी७ काढलं. पण ज्या पद्धतीने काढलं ती तंतूकडे वळलेल्या पेशींतच लागू होते, आधीच्या मायोब्लास्टमध्ये नाही. स्नायू घडला. मग मात्र तो रोडावत गेला, ताकद घटली, फुगलेले बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया साचले. ज्याला आपण झिजवणारी म्हणत होतो तिला काढलं तर स्नायू उलट जास्तच झिजला! तुमच्या पहिल्या प्रश्नाचा एक पदर इथे सुटतो. २०१३ मध्ये एटीजी७ आणखी आधीच्या पायरीवर, एमवायएफ५ हे प्रथिन असलेल्या पूर्वज पेशींतूनच काढलं, तेव्हा स्नायू आणि तपकिरी मेद या दोन्हींच्या घडणीत बिघाड दिसला.

तेव्हा मी माझं विधान असं मांडतो: गर्भात, पोषण भरपूर असताना, ऑटोफॅजीशिवायही स्नायू उभा राहू शकतो, पण त्याची प्रत बिघडते. प्लेटमध्ये, इजेनंतरच्या दुरुस्तीत आणि रोजच्या देखभालीत तिची गरज उघडी पडते. शंकेखोरभाऊ, एवढं मान्य?

शंकेखोर_जालना

"प्रत बिघडते" यावर सही. "अत्यावश्यक" हा शब्द गर्भापुरता मागे घेतलात, तेवढंच हवं होतं.

मावशी_अंबाजोगाई

विषयात बोलावं की नाही ठरत नव्हतं. माझ्या बहिणीच्या मुलाला डुशेन, म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार, आहे. आता चाकाच्या खुर्चीवर असतो, बुद्धीने तल्लख, बुद्धिबळ छान खेळतो. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की ऑटोफॅजी वाढवून स्नायूंचे आजार बरे होतात, मुलाला प्रथिनं कमी द्या. बहीण तसं करायला निघाली होती. गोदाकाठचे दादा, खरं काय ते स्पष्ट सांगा.

गोदाकाठचा

मावशी, बरं झालं विचारलंत. आधी महत्त्वाचं: बहिणीला सांगा, त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहारात काहीही तोडू नका.

तो निरोप कुठून आला असेल ते सांगतो. कोलॅजेन ६ च्या दोषामुळे होणारे उलरिच आणि बेथलेम हे वेगळे आजार आहेत. त्या आजाराच्या उंदरांत ऑटोफॅजी मंदावलेली असते आणि ती पुन्हा चालू केल्यावर स्नायू सुधारला, हे २०१० मध्ये दिसलं. पुढे इटलीत अगदी मोजक्या प्रौढ रुग्णांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कमी प्रथिनांच्या आहाराची प्राथमिक चाचणी झाली. डुशेनमध्येही ऑटोफॅजी मंदावते हे २०१२ मध्ये उंदरांत आणि रुग्णांच्या स्नायूनमुन्यांत दिसलंय. पण डुशेनचं मूळ कारण डिस्ट्रॉफिन हे स्नायूतंतूला आधार देणारं प्रथिन नसणं हे आहे आणि ऑटोफॅजी वाढवून तो बरा झाल्याचं उदाहरण नाही. वाढत्या मुलाचं वजन आणि ताकद राखणं आधी.

उलट बाजूही लक्षात घ्या. पॉम्पे आजारात लायसोसोममधलं ग्लायकोजेन तोडणारं विकर कमी असतं. पिशव्या बनतात पण रिकाम्या होत नाहीत, त्यांचे ढीग तंतूत साचतात. तिथे ऑटोफॅजी आणखी वाढवली तर ढीगच वाढायचा. आजार कोणता, अडलंय कुठे, हे कळल्याशिवाय "वाढवा" म्हणणारा माणूस मदत करत नाही.

मावशी_अंबाजोगाई

आजच बहिणीला वाचून दाखवते. मनापासून आभार.

तालमीतला_गणेश

मावशी, भाच्याला आमचा रामराम सांगा. मलाही बुद्धिबळ येतं, फोनवर डाव लावू म्हणावं.

मुरूडचे_काका

वय झालं की पोटऱ्या वाळतात, त्याचाही याच्याशी संबंध आहे का? वर्षभरापूर्वी पाय मोडून पडून होतो, तेव्हापासून भरल्याच नाहीत.

परभणीचा_मास्तर

आहे, काका. बार्सिलोनाच्या पुरा मुन्योस-कानोव्हेस यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की अतिवृद्ध उंदरांच्या सॅटेलाइट पेशींत ऑटोफॅजी ढासळते, घाण साचते आणि त्या पेशी कायमच्या थकतात. रॅपामायसिनने ऑटोफॅजी पुन्हा चालू केली तर त्यांना दुरुस्तीची क्षमता परत आली. पण ते औषध रोगप्रतिकार दाबतं, म्हणून तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका. तुमच्यासाठी फिजिओथेरपिस्टला दाखवून हळूहळू वजनाचा व्यायाम, आणि ताटात डाळ, दूध, चालत असेल तर अंडं.

सायली_उदगीर

सगळ्यांचे खूप आभार. मांडणी आता अशी करतेय: आधी २०१६ ची मायटोकॉन्ड्रियाची पायरी, मग शंकेखोर सरांचे दोन्ही आक्षेप जसेच्या तसे, मग २००९ आणि २०१३ च्या उंदरांची तुलना. पशुवैद्य सर, करडांचा प्रश्न शेवटच्या स्लाइडवर तुमच्याच शब्दांत मांडते, आणि पीएच.डी.चं मी खरंच मनावर घेतलंय.

एक व्यवहारातला प्रश्न राहिला. उन्हाळ्यात पुण्याला एका प्रयोगशाळेत सी२सी१२ हाताळायला मिळणार आहेत. ब्लॉटमध्ये (प्रथिनांचे पट्टे दाखवणाऱ्या चाचणीत) एलसी३ या पिशव्यांवर बसणाऱ्या प्रथिनाचा दुसरा पट्टा, म्हणजे एलसी३-२, गडद आला की ऑटोफॅजी वाढली, असंच लिहायचं ना?

गोदाकाठचा

नाही, तिथेच बहुतेक जण अडकतात. एलसी३-२ दोन कारणांनी वाढतो: पिशव्या जास्त बनतायत म्हणून, किंवा बनलेल्या रिकाम्या होत नाहीत म्हणून. वर लिहिलेल्या पॉम्पेमध्ये दुसरं घडतं. दोन्ही ब्लॉट सारखेच दिसतात.

म्हणून प्रत्येक दिवसाच्या नमुन्याची जोडी करा. एका प्लेटला शेवटचे काही तास बॅफिलोमायसिन द्या, दुसरीला देऊ नका. बॅफिलोमायसिनने लायसोसोमचं काम थांबतं. जोडीतला फरक मोठा असेल तर प्रवाह खरंच चालू आहे. सोबत पी६२ बघा, पण त्याच्या एकट्यावर विसंबू नका, कारण त्याचं उत्पादनही वेगळं वाढू शकतं. मायोजेनिन आणि मायोसिनचे पट्टे त्याच नमुन्यांवर घ्या, म्हणजे पेशी स्नायूच्या वाटेवर किती पुढे गेलीय ते त्याच चित्रात कळेल.

शंकेखोर_जालना

आणि एक प्लेट अशी ठेवा की सिरम कमी केलंय पण पेशी विरळ आहेत, एकमेकींना टेकत नाहीत. भूक तीच, जोडणी मात्र होणार नाही. त्यात एलसी३ किती वाढतो ते इथे येऊन सांगा, मी वाट बघतोय.